चौकात लागलेला होकार

कंपनीला सोमवारी कळवते म्हणून मी सांगितलं होतं, आणि माझा निर्णय मला शनिवारीच वरवंडच्या चौकात वाचायला मिळाला. एसटीतून उतरले तर समोर फ्लेक्सवर माझाच फोटो. ‘कंपनीच्या कबड्डी संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ शेजारी शुभेच्छुक म्हणून माझे मामा, गॉगल घालून, माझ्यापेक्षा मोठे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कुरकुंभच्या एका कंपनीनं मुलींचा संघ काढला होता. खेळायचाच पगार, पण लगेच रुजू व्हायचं आणि रोज दोन वेळा सराव. दुसरीकडे पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात एम.ए.ला माझा नंबर लागला होता. तिथं हजेरीत सवलत नाही आणि कबड्डीचं नावही नाही. दौंडच्या कॉलेजात मी अभ्यासापेक्षा चढायाच जास्त केल्या होत्या. मनातून माझा होकार कंपनीलाच होता. फक्त तो मला माझ्या तोंडानं सांगायचा होता.

घरी मामा पेढे घेऊन बसलेले.

“मामा, मी अजून हो म्हणलं न्हाई.”

“त्यात म्हणायचं काय हाय? खेळायचा पगार मिळतुय कुणाला? गावानं वाचलं, झालं की.”

“पर मला इचारलं का?”

“आगं, चांगल्या कामाला इचारत्यात व्हय?”

वडिलांनी पेढा तोंडात टाकला. “आता फाटे फोडू नगंस. मामाचं नाक जाईल.”

गुडघे फुटायचे माझे आणि नाक जायचं मामांचं! सोमवारी मी कंपनीला नकार कळवला आणि बॅग भरून पुणं गाठलं. मामांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मला गारेगार वाटलं, पण ते फार दिवस टिकलं नाही.

माझ्या जागी आमच्याच संघातली एक मुलगी गेली. चढाईत ती माझ्या पासंगालाही पुरत नाही, हे मी आजही म्हणेन. ती मॅटवर असते आणि मी वर्गात मागणी-पुरवठ्याचे आलेख काढते. कॉलेज चांगलं आहे. त्याच्यावर राग काढावा असं काही त्यानं केलेलं नाही.

परवा घरातल्या एका साखरपुड्यात मामा पाहुण्यांना सांगत होते, “भाचीला पुण्याला म्याच धाडली. म्हणलं, खेळाबिळाच्या नादी लागू नगं, शीक.” पाहुणे माना डोलवत होते. मी ताट घेऊन शेजारीच उभी होते. संतापानं कान तापले. पण त्यांचं खोडून काढायचं तर सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं, की मला खेळायचंच होतं आणि केवळ यांची जिरवायला मी खेळ सोडला.

“बघती काय? पाया पड मामाच्या,” आई म्हणाली.

मी पडले.