पापडाची साक्ष

मामंजींचा देवावर विश्वास होता, माणसांवर तर गरजेपेक्षा जास्तच होता. पण झाकणावर मात्र मुळीच नव्हता. लोणच्याची बरणी, ट्रंक, जेवणाचा डबा, झाकलेलं काहीही दिसलं की ते उघडून आत डोकवायचे आणि "हं" म्हणून झाकण परत लावायचे. लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा माझ्या रुखवताच्या डब्यांचीही त्यांनी अशीच झडती घेतली. मला वाटलं, सासरा खादाड दिसतो. सासूबाई हसून म्हणाल्या, "घाबरू नकोस. त्यांना लाडवात रस नाही, झाकणात आहे."

माझे सासरे गिरणीत विजेच्या खात्याचे फोरमन होते. कामगार त्यांना पाठीमागे 'कोरडेसाहेब' म्हणत. आमचं आडनाव वेगळंच, पण दिसेल त्या पेटीपुढे उभं राहून "आत कोरडं आहे ना रे?" असं विचारायची त्यांना सवय होती, म्हणून हे बारसं झालेलं. स्विचची पेटी म्हणजे त्यांच्या लेखी घरच. "पाणी दार वाजवून येत नाही," असं ते सारखं बजावत. ज्या गावात उन्हाळ्यात माणसं घोटभर पाण्यासाठी तळमळतात, त्या गावात हा एकच गृहस्थ ओलीच्या धास्तीने वाळत चालला होता.

पेटी पारखायची त्यांची रीतही न्यारी होती. भाजलेला उडदाचा पापड आत ठेवायचा, झाकण लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढून कानाशी मोडायचा. कडकन वाजला तर पेटी पास. सादळून वाकला तर नापास, मग ती थेट विलायतेहून आलेली का असेना. "माणूस खोटं बोलेल, पापड बोलणार नाही," असं ते छातीठोकपणे सांगत. सासूबाईंचा मात्र जळफळाट व्हायचा. "लाटून लाटून दंड माझे भरायचे आणि पापड तुमच्या पेट्यांनी खायचे!" "खात कुठे आहेत? परत आणतो की," मामंजी म्हणत. "हो, सादळलेले!"

गिरणीच्या शेटजींनी हौसेने हिप्परग्याच्या तलावावर एक लाँच ठेवली होती. पाहुणे आले की त्यांना तिच्यातून फिरवून आणायचं. तिच्या पोटात इंजिनाची खोली होती, जेमतेम माणूस बसेल एवढी. इंजिन चाललं की तिथे वाफ, तेलाचा वास आणि पायाखाली सदा पाणी. इंजिनावरच लाँचचे दिवे लागत, आणि विजेवर जास्त ताण आला तर आपोआप तुटून ती बंद करणारा ब्रेकर तिथेच एका लाकडी पेटीत बसवलेला होता. इंजिनावर दादू भोई नावाचा माणूस होता. एका पावसाळ्यात त्या पेटीत पाणी मुरलं, ठिणगी उडाली आणि दादूचा उजवा तळवा चांगलाच भाजला.

हाताला फडकं बांधलेल्या दादूला घेऊन त्याची बायको सखू आमच्या ओसरीवर येऊन बसली. "सायेब, ह्या बारीला हातावर भागलं," ती म्हणाली. "पेटी तुमी सोता बगून बसवा. न्हाय तर मी ह्यास्नी बोटीवर सोडायची न्हाय." मामंजींनी तिला शब्द दिला. शब्द दिल्यावर त्यांचं जेवणावरून लक्षच उडालं. भाताच्या मुदीवरची वाटीसुद्धा ते उचलून बघत.

मुंबईहून तीन पेट्या मागवल्या. एक पत्र्याची, बाजूंना भोकं पाडलेली. एक बिडाची, काळी, जड, झाकणाला रबराची कड आणि तार आत घ्यायला तळाशी वाट. तिसरी सागवानी, पितळी बिजागऱ्यांची, पुढे काच बसवलेली. शेटजींनी सागवानी पेटीवरून हात फिरवला तो काढीचनात. "फोरमन, बिडाचं ते धूड लावलं तर पाहुणे काय म्हणतील?"

"शेटजी, इंजिनखोलीत पाहुणे उतरत नाहीत. पाणी उतरतं."

शेवटी दोघांनी पापडावर सोडलं. बिडाची तेवढी पास झाली तर बिडाची बसवायची; सागवानीही पास झाली तर शेटजींची निवड कायम. तिन्ही पेट्या इंजिनखोलीत टांगल्या, सासूबाईंकडचे तीन पापड आत ठेवले आणि दादूला दिवसभर इंजिन चालवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेटजींच्या समोर पेट्या उघडल्या. पत्र्यातला पापड लुळा पडला होता. बिडातला कडकन मोडला. मामंजींनी विजयी मुद्रेने सागवानी पेटीतला पापड कानाशी धरला, आणि तोही कडकन मोडला. शेटजींनी तिथल्या तिथे सागवानी पेटी बसवण्याचा हुकूम सोडला. उद्या पाहुणे येणार होते.

मामंजी घरी आले ते सागवानी पेटीतल्या पापडाचे तुकडे रुमालात घेऊन. "सखूला शब्द दिला होता," एवढंच म्हणाले आणि पाटावर बसून राहिले. सागवान ओल पिणार, तेल पिणार आणि एक दिवस पेटणार, याची त्यांना खात्री होती. पण पापडाने उलट साक्ष दिली होती, आणि जन्मभर ज्याला खरं मानलं त्याला आता खोटं कसं म्हणायचं? माझा नवरा म्हणाला, "शेटजींना सांगा ना, पापडात काही अर्थ नाही म्हणून." मामंजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने ताक प्यायला घेतलं.

रुमाल झटकताना सासूबाईंना वास आला. त्यांनी एक तुकडा नाकाशी नेला, मग जिभेवर ठेवला. "हा माझा पापड नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"माझ्या पापडात मिरी असते. ह्यात लाल तिखट आहे. आणि लसूण! आपल्या घरात पापडाला लसूण कधी लागलाय?"

मामंजी ताडकन उठले. मला नाही वाटत, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यांनी सासूबाईंकडे इतक्या प्रेमाने पाहिलं असेल.

सकाळी तलावावर जाऊन मामंजींनी दादूला बोलावलं. तो आधी बोटीकडे बघत राहिला, मग पायांकडे, आणि मग एकदम बोलून मोकळा झाला. "सायेब, बाकीच्या दोन पेट्यांतला दिसत नव्हता. ह्यो काचंतनं सारका दिसायचा. किती येळ बगायचं मानसानं? खाल्ला. मंग भ्या वाटलं, म्हून सकाळी सखूकडनं एक भाजून आनला आन् आत ठिवला."

"अरे गाढवा, तुझ्याच हातासाठी चाललं होतं ना हे सगळं!"

"व्हय की," दादू म्हणाला. "त्याच हातानं खाल्ला."

मामंजींना रागवायचं होतं, पण हसू आवरेना. त्यांनी शेटजींना जाऊन झालं ते सांगितलं आणि पाहुण्यांची फेरी एक दिवस पुढे ढकलून घेतली. पापड पुन्हा ठेवले गेले. या खेपेला टांग्यातून स्वतः सासूबाई तलावावर गेल्या, काठावर सतरंजी टाकून बसल्या, आणि दादूच्या पुढ्यात त्यांनी पापडांची वेगळी चळत ठेवली. "हे खा. पेटीकडे बघू नकोस." संध्याकाळी पेटीला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचूनच त्या घरी परतल्या. सकाळी सागवानी पेटीतला पापड काढला, तर तो ओल्या पंच्यासारखा मामंजींच्या बोटांवरून लोंबत राहिला. शेटजी हसले, म्हणाले, "हरलो." बिडाची पेटी लाँचवर गेली आणि सागवानी शेटजींच्या दिवाणखान्यात अत्तराच्या कुप्या ठेवायला. पुढे दादूने त्या इंजिनावर किती पावसाळे काढले, पण सखूला आमच्या ओसरीवर तक्रार घेऊन यावं लागलं नाही.

शेवटच्या दुखण्यात मामंजींना तेलकट-तिखट बंद होतं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, एक पापड भाज. खायला नको. नुसता वाजवायचाय." मी भाजून दिला. त्यांनी तो कानाशी मोडला, "हं" म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. मला रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तेराव्याला दादू आणि सखू आली. दादूचे केस पांढरे झाले होते, पण वाढायला गेले तेव्हा पानावर पुढे झालेला त्याचा उजवा हात धडधाकट होता. तो सगळं जेवला. पापड तेवढा त्याने उचलून सदऱ्याच्या खिशात घातला.

"अरे, खा की. अजून आहेत," मी म्हटलं.

"न्हाय वयनी. ह्यो आज पेटीत ठिवतो," दादू म्हणाला. "उद्याच्याला सकाळी म्या वाजवून बगीन. सायेब न्हाईत, तर कुनीतरी बगाया पायजे."