तिनं हाक दिली होती

अन्याय झाला तो आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या गोलकीपरवर. झाला तो जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मुली अजून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. खेळाच्या सरांनी मांडीवर पॅड ठेवून मॅचचा रिपोर्ट लिहिला आणि त्यात एक ओळ टाकली: ‘कीपर ने आवाज नहीं दी.’ ती त्यांच्यापासून सहा पावलांवर बसली होती. तिला विचारलं नाही.

आवाज दिला होता. मी गोलच्या मागंच बसले होते, मी ऐकला. त्यानंतर मी जो घोळ घातला तोही इथं सांगणार आहे, कारण तो लपवून बाकीचं सांगितलं तर मलाच लाज वाटेल.

मी फुटबॉलवाली नाही. कॉलेजात असताना पाच वर्षं पत्रकं लिहिली. होस्टेलच्या पाण्यासाठी, बसच्या पाससाठी, ठेक्यावरच्या सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी. कॉलेज सुटलं, पत्रकं सुटली नाहीत. ही गोलकीपर आमच्याच ब्लॉकमधली, सेक्टर २ मध्ये आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये राहते. तिचे बाबा गोंदियाकडचे, इथल्या स्टील प्लांटच्या मिलमध्ये क्रेनला इशारे द्यायचं काम करतात. या सीझनच्या सुरुवातीला ती जिन्यात मला अडवून म्हणाली, “ताई, तू साऱ्या दुनियेसाठी ओरडून राहिली. एक दिवस आमच्यासाठी ये ना ओरडाले.”

गेले. आणि अडकले.

पहिली मॅच आम्ही चार-शून्यनं जिंकलो. मला वाटलं, आपली टीम अशीच असते. दुसऱ्या मॅचला नंदिनी नगरला गेलो, तिथल्या पांढऱ्या धुळीत पाच गोल खाऊन परत आलो. बसमध्ये जाताना ज्या मुली खिडकीचे गज वाजवत गात होत्या, त्या येताना एकमेकींच्या खांद्यावर झोपेचं सोंग घेऊन बसल्या. तिसऱ्या मॅचला दोन-शून्यनं पुढं होतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही गोल परत केले. चौथीत एकच गोल मारला, आणि आमच्या गोलकीपरनं पेनल्टी नडगीवर घेतली. नडगी आठवडाभर जांभळी होती. ती आल्यागेल्याला सलवार वर करून दाखवायची, लग्नातले दागिने दाखवावेत तशी.

आठवड्याला आठवडा मिळत नव्हता. तरी मी प्रत्येक शनिवारी जायचे. ज्या कॉलेजात मुलींना कपडे बदलायला खोली नाही, मुली आळीपाळीनं ओढणी धरून आडोसा करतात, त्या कॉलेजची टीम एकदा जरी जिंकली तरी मला ती बातमी वाटायची.

सर वाईट नाहीत, हे लिहून ठेवते. स्वतःच्या मोटरसायकलवर बॉलची जाळी बांधून आणतात. पण त्यांना कोचिंगचं एकच वाक्य येतं. सीझनभर लाइनवर उभे राहून ते एकच ओरडत असतात: “उडा दे! शक हो तो उडा दे!” म्हणजे बॉल आपल्या गोलजवळ आला की विचार करू नकोस, मार लांब. आमच्या टीमच्या कानात हे दोन शब्द इतके बसले होते की वॉर्मअपला कोणी शिंकलं तरी दुसरी म्हणायची, “उडा दे.”

आता तो शनिवार. पाचवी मॅच, आमच्याच ग्राउंडवर. एक-एक बरोबरी, चार मिनिटं उरलेली. गोलच्या मागं आम्ही वीसेक जण होतो, बहुतेक सेक्टरमधली मराठी घरं. डबे, स्वेटर, फुटाणे, सगळं घेऊन आलेली. समोरच्या टीमनं एक उंच, ढिला बॉल आत टाकला. कसलाही धोका नव्हता. गोलकीपर दोन पावलं पुढं आली, हात वर केले आणि ओरडली, “येऊ दे!”

सरावात ठरलेली हाक वेगळी आहे. ‘कीपर!’ म्हणायचं असतं. पण घाईत माणूस घरचं बोलतो. तिच्या घरी मराठी, ती मराठीत बोलली. येऊ दे, माझ्याकडं येऊ दे, मी घेते.

तिच्या पुढं आमची स्टॉपर होती, बचावातली मधली खेळाडू. जामुलची मुलगी, घरी छत्तीसगढी, कॉलेजात हिंदी. ती वळली आणि तिनं बॉलला अशी लाथ घातली की बॉल बुटाच्या बाहेरच्या कडेवरून उलटा फिरला, आमच्या गोलकीपरच्या बोटांवरून गेला आणि वरच्या कोपऱ्यात बसला. सीझनभरात इतका देखणा गोल आमच्या एकाही फॉरवर्डनं मारला नव्हता.

दोन-एक. हरलो. मग ते पॅड, ती ओळ.

ती ओळ कुठं जाते, हे मला त्या संध्याकाळी तिच्या बाबांकडून कळलं. सीझन संपला की विद्यापीठाच्या टीमच्या निवड कॅम्पसाठी नावं जातात. सोबत मॅचचे रिपोर्ट जातात. ती शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी टीम नाही, कॅम्प नाही, बहुतेक फुटबॉलच नाही. आवाज न देणारी गोलकीपर कोण बोलावणार?

मी खाली आले आणि पत्रक लिहायला बसले. चहा निवायच्या आत झालं. स्टॉपरनं गोलकीपरची स्पष्ट हाक ऐकूनही ऐकली नाही, सरांनी लाडक्या स्टॉपरला वाचवलं आणि दोष दुसरीवर टाकला, असं लिहिलं. सोमवारी कॉलेजच्या गेटवर वाटलं.

बारा वाजता स्टॉपर माझ्यासमोर उभी. हातात माझंच पत्रक, चार घड्या घातलेलं. मला वाटलं भांडेल.

ती हळू आवाजात म्हणाली, “दीदी, आपने लिखा मैंने जानबूझ के किया.”

“तूने सुना नहीं था क्या? वो चिल्लाई थी.”

“सुना था ना. वो बोली, उडा दे. तो मैंने उडा दिया.”

ती वाट बघत होती मी काही बोलेन म्हणून. माझे सगळे शब्द सकाळपासून शंभर कागदांवर वाटून झाले होते.

येऊ दे. उडा दे. वाऱ्यात, धापेत, वीस पावलांवरून, आणि सरावापासून धरून चार महिने सरांनी कानात भरलेलं. तिला दुसरं काय ऐकू येणार होतं?

संध्याकाळी गोलकीपर जिन्यात भेटली. मी सांगायला गेले, तिनं बोलूच दिलं नाही.

“तुले कोणं सांगितलं होतं लिवाले?”

“अगं, तुझ्यासाठीच...”

“माझ्यासाठी! मले विचारलं कावून नाही? सरानं नाही विचारलं, तूही नाही विचारलं. थे पोट्टी आज प्रॅक्टिसले माझ्याकडं बघूनच नाही राहिली. आता मी कोणाच्या मागं उभी राहू?”

सरांनी तिला न विचारता लिहिलं म्हणून मी पेटले होते, आणि स्टॉपरला न विचारता मी लिहिलं होतं. त्यांची एक ओळ, माझं पानभर.

दुसऱ्या दिवशी गेटवर उभी राहून मी दुसरा कागद वाटला. हिंदीत दोनच वाक्यं होती: काल मी स्टॉपरबद्दल लिहिलं ते चूक आहे. तिला ‘उडा दे’ ऐकू आलं. पहिल्या कागदाइतके लोक थांबले नाहीत; माफीचा कागद कोणी घरी नेत नाही. पण स्टॉपरनं एक घेतला, वाचला, आणि म्हणाली, “दीदी, स्पेलिंग गलत है.” ‘सुनाई’तली ई मी ऱ्हस्व काढली होती. त्यावरून मला कळलं की आमचं जमेल.

त्याच आठवड्यात आम्ही चौघं सेक्टर २ च्या ग्राउंडवर जमलो. गोलकीपर, स्टॉपर, मी, आणि फर्स्ट शिफ्ट सुटून तसेच आलेले काका, म्हणजे गोलकीपरचे बाबा. स्टॉपरला वीस पावलांवर पाठ करून उभं केलं. गोलकीपर ओरडली.

“उडा दे,” स्टॉपर म्हणाली.

पुन्हा ओरडली. पुन्हा “उडा दे.” मी माझ्या जागेवरून दर वेळी ‘येऊ दे’च ऐकत होते, साफ. मग काकांनी गळा साफ करून दणदणीत आवाज काढला.

“उडा दे, अंकल.”

काका स्कूटरला टेकून हसायलाच लागले. “आता माय! पंचवीस वर्षं झाले मी इथं सेक्टरमंदी लोकायले येऊ दे, येऊ दे म्हणून राहिलो. कोणं काय काय उडवलं असन बाप्पा!”

“बाबा, हसू नका ना!”

“हसू नको तं काय करू? ऐक पोरी. मिलमंदी आम्ही तोंडानं सांगतच नाही. आवाजात कोणाले काय ऐकू येईन, काय भरोसा? वर क्रेनवाला तेलुगू, खाली मी मराठी, बाजूचा बिहारी. एकच माणूस इशारा देते, अन् एका कामाले एकच इशारा. ड्यूटीच्या आधीच ठरलेला. तुमचा ठरला आहे का?”

“‘कीपर’ बोलना है,” स्टॉपर म्हणाली. “लेकिन ये घबरा के भूल जाती है.”

“मैं भूलती नहीं, मुँह से निकलता नहीं,” गोलकीपर म्हणाली.

“तो क्या निकलता है तेरे मुँह से? ‘माझा’?”

“माझा लंबा है. बॉल तब तक अंदर.”

स्टॉपरनं जरा विचार केला. “मोर बोल. हमारे में मेरा को मोर बोलते हैं. छोटा है.”

गोलकीपरनं हात वर करून बघितलं. “मोर!” ग्राउंडच्या पलीकडं क्रिकेट खेळणारी मुलं वळून बघायला लागली. एकानं तर झाडावर बघितलं.

तेव्हापासून आमच्या टीमची हाक ‘मोर’ आहे. मराठी मुलगी छत्तीसगढीत ओरडते आणि जामुलची मुलगी बाजूला होते. त्या ओळीनंतर सर हिला बसवणारच होते, पण दुसऱ्या गोलकीपरचं बोट सुजलं म्हणून सरांनी सहाव्या मॅचला हिला पुन्हा उभं केलं. आम्ही दोन-एकनं जिंकलो. सातवीत हरलो, पण जो गोल खाल्ला तो खरोखर त्यांनी मारलेला होता. आठवीत पुन्हा जिंकलो, आणि त्या मॅचमध्ये मी मोजलं, अकरा वेळा ‘मोर’ ऐकू आलं आणि अकरा वेळा बॉल तिच्या हातात. सीझन उभा-आडवाच गेला, पण शेवटी उभा आहे. या शनिवारची एक मॅच उरली आहे आणि मला त्या मॅचची भीती वाटत नाही.

भीती त्या ओळीची आहे. ती अजून तशीच आहे.

मी आणि स्टॉपर सरांकडं गेलो. स्टॉपरनं त्यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूक म्हणून सांगितलं. सरांनी चष्मा काढला, थोडा वेळ पुसला.

“मतलब मेरा ही उडा दे था,” ते म्हणाले.

“जी सर.”

“रिपोर्ट मैं फाड नहीं सकता. नीचे लिख सकता हूँ कि आवाज दी थी. पर मैं किसके कहने पे लिखूँ? ये टीम की है, आप उसकी पडोसन हैं और पर्चा बाँट चुकी हैं. दो लोग लाइए. घर के नहीं, टीम के नहीं. जिन्होंने उस दिन अपने कान से सुना. मैं उसी वक्त लिख दूँगा.”

हे बरोबर आहे. मला सरांवर चिडायला काही उरलं नाही, आणि याची मला सवय नाही.

मग मी गोलमागं बसलेल्यांच्या घरोघरी गेले. एका काकूंनी बसवलं, पोहे दिले. “ऐकलं ना वो. चांगलं मोठ्यानं बोलली, येऊ दे म्हणून. मी तं ह्यायले म्हटलंही, बघा, घेते आता.”

“मग चला ना काकू, सरांना सांगायला.”

“कॉलेजात? मी? माझं हिंदी तुले माहीत आहे. तिथं सारे शिकलेले, हसतील मले.”

दुसऱ्या घरात काका म्हणाले, सेकंड शिफ्ट आहे. तिसऱ्या घरात म्हणाले, आपण कावून मधात पडायचं. चौथ्या घरी मुलानं दार उघडलं आणि आईला हिंदीत सांगितलं, वो पर्चेवाली आई है. आणखी पोहे मिळाले, साक्षीदार मिळाला नाही.

म्हणून हे गोलमागं बसलेल्या तुमच्यासाठी लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. हिंदीत लिहिलं असतं तर गेटवर जास्त लोकांनी वाचलं असतं. पण ज्यांना मराठी येत नाही, त्यांना त्या शनिवारी ‘उडा दे’च ऐकू आलं; ते खोटं बोलणार नाहीत, पण त्यांचं खरं तिच्या उपयोगाचं नाही. तिनं काय म्हटलं हे फक्त तुम्हाला कळलं. इथल्या घराघरांत मुलं आता दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी बोलतात, मीही बोलते, त्याबद्दल आत्ता माझं काही म्हणणं नाही. मात्र या एका गोष्टीसाठी तुमची घरची भाषाच लागणार आहे. काकू, तुमच्या हिंदीची गरजच नाही. तिथं जाऊन तुम्ही मराठीतच दोन शब्द म्हणायचे आहेत.

मंगळवारी नावं जाणार. सर सोमवारी साडेदहापासून साडेअकरापर्यंत त्यांच्या खोलीत असतात. ऑफिसच्या डाव्या हाताचा जिना, वर दुसरं दार. सेकंड शिफ्टवाल्यांना दुपारी दोनच्या आत परत येता येतं, मी वेळ बघून ठेवली आहे. मी जिन्याखाली उभी असेन, वर येणार नाही, मध्ये बोलणार नाही.

तुम्ही त्या दिवशी गोलमागं बसला होता. सोमवारी या, आणि तुमच्या कानांनी जे ऐकलं ते सरांसमोर म्हणा.