आमच्या साडूंची यार्लकी

अख्ख्या बहरीनमध्ये व्हायकिंग लोकांची काळजी वाहणारा एकच मराठी माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब! गाव चिपळूण, नोकरी सित्राच्या रिफायनरीत, हुद्दा फोरमन. नव्वदच्या दशकात मायदेशी परतणाऱ्या एका डॅनिश इंजिनिअरने त्यांना एक जाडजूड पुस्तक भेट दिलं आणि आमच्या मेसची शांतता संपली.

मनामाच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही दहाबारा मराठी माणसं मिळून मेस चालवत होतो. साडू तिचे प्रमुख. पुस्तक वाचल्यावर ते स्वतःला ‘यार्ल’ म्हणवू लागले. यार्ल म्हणजे सरदार, कार्ल म्हणजे स्वतंत्र रयत आणि थ्रॉल म्हणजे गुलाम. भेटेल त्याला ते यांतल्या एका खणात टाकत. कंपनीच्या मॅनेजरचा विषय निघाला की म्हणत, “कसला डोंबलाचा यार्ल! जो वाटून खातो तो यार्ल. हा चहासुद्धा दार लावून पितो.” स्वतः मात्र सुरमईचे मधले तुकडे आम्हाला वाढून शेपटीवर भागवत. यार्लला शोभेल अशी दाढीही त्यांनी राखली होती. ऑगस्टच्या घामोळ्यांनी ती खलास केली. शुक्रवारी गच्चीवर सभा भरे. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरही हात वर करून मत द्यायचं. “सभेचा शब्द यार्लनेही मोडायचा नाही,” हे त्यांचं पालुपद.

बिल्डिंगची झाडलोट करायला सांगलीकडचे एक मामा होते. ते आमच्याच मेसमध्ये जेवत, पण बाहेर, जिन्यात. का, ते कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी साडूंना गमतीत विचारलं, “भाऊ, मग मामा थ्रॉल ना?” साडूंच्या हातातला घास हातातच राहिला.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, “गुलाम मोकळा झाला की तो मेजवानी द्यायचा. त्याच्या हातचं पंगत जेवली की तो बरोबरीचा. आज मटण मामांनी केलंय. आजपासून मामा टेबलावर बसणार. नसाल कबूल, तर माझी यार्लकी मफी, संपली!”

मग सभा, तिथेच टेबलाभोवती. मी हात वर केला, साडूंनी केला, आणखी एकदोघांनी. बाकीचे खाली बघत बसले. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ क्लार्क म्हणाले, “रस्सा फक्कड झालाय हो, वाढा की. पण टेबलाचं राहू दे.” मामा हातात पळी घेऊन दारात उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडू चिडले नाहीत. “सभेचा शब्द,” एवढंच म्हणाले. प्रमुखाच्या खुर्चीवरून उठले, आपलं ताट उचललं, मामांना घेऊन जिन्यात गेले आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले. मीही मागोमाग गेलो. मग एकेक ताट बाहेर येऊ लागलं. सर्वांत शेवटी आले क्लार्क. जिना गच्च भरलेला.

“भाऊ, सरका जरा,” ते पुटपुटले.

“मला काय सांगता? मामांना विचारा.”

क्लार्कनी विचारलं. मामा अंग चोरून सरकायला लागले, तसे साडू खेकसले, “अहो, ऐसपैस बसा की!”

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे आम्ही किती विनवलं, तरी त्या खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत. पण ते जिथे ताट घेऊन बसत, तिकडेच आमची पंगत सरकत असे. फार आठवण येते हो त्यांची.