चिठ्ठ्या मी टाकल्या

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि इंदूरला घर केलं. हे घडलं तेव्हा मी नायब सुभेदार होतो. उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टचा कमांडर. पोस्टवर आम्ही नऊ जण होतो.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी रेडिओ चेक, बर्फ वितळवून पाणी, मग दोर तपासणं आणि हेलिपॅडवरचा ताजा बर्फ बुटांनी तुडवून पक्का करणं. रविवारी मी आणि लान्स नायक सॅम्युअल बंकरच्या कोपऱ्यात प्रार्थना करायचो. ख्रिस्ती आम्ही दोघेच. शिपाई रमेश कांबळे महूचा, बौद्ध, आजोबांपासून फौजी घर. आम्ही डोळे मिटले की तो स्टोव्ह बारीक करायचा. आमेन झालं की विचारायचा, "साब, आपल्या जागी रिलीफ पार्टी कधी येणार, ते सांगितलं का वरून?" सॅम्युअल हसायचा. मीही.

त्या थंडीत सलग वादळ झालं. वादळ ओसरेपर्यंत सॅम्युअल आणि कांबळे दोघांच्याही छातीत पाणी झालं होतं. उंचीवर हा आजार माणसाला बसल्या जागी बुडवतो. खाली नेणं हाच उपाय. सकाळी आकाश उघडलं आणि कंपनी कमांडर रेडिओवर आले.

"हेलिकॉप्टर निघालंय. एकच पेशंट. दुसरी सॉर्टी मौसम बघून. ओव्हर."

"सर, पेशंट दोन आहेत. ओव्हर."

"पहिला कोण, ते पोस्ट कमांडर ठरवेल. आउट."

आमचा नर्सिंग असिस्टंट यादव मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, कांबळे पहले. उसके होंठ देखिए."

मी पाहिले. निळे पडले होते. फौजेत याचा नियम साधा आहे. ज्याची हालत जास्त खराब, तो आधी. हुद्दा, जात, धर्म, दोस्ती यांचा संबंध नाही.

मी सिगारेटच्या पाकिटाचे दोन तुकडे फाडले, दोन नावं लिहिली आणि लोकरी टोपीत टाकली. बायबलमधल्या प्रेषितांनीही एकदा चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला होता, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. सगळ्यांना म्हणालो, देव ठरवेल. प्रार्थना केली. नाव सॅम्युअलचं निघालं.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. तासाभरात ढग परत आले. दुसरी फेरी झालीच नाही. कांबळे दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गेला.

सॅम्युअल वाचला. आज तो सांवेर रोडच्या बाजूला असलेल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये वडील, म्हणजे मंडळीचा एल्डर आहे. दर वर्षी तो मंडळीपुढे साक्ष देतो, टोपीतल्या चिठ्ठीची गोष्ट सांगतो. "माझ्यात काही गुण नव्हता. तरी त्याने मला निवडलं." तो जे शिकवतो ते मी मानतो. कृपा कमावता येत नाही. कमावली तर तो पगार झाला. सगळेच दोषी असताना राजाने एकाला माफ केलं, तर दुसऱ्यावर अन्याय होत नाही. हे खरं आहे, आणि या खऱ्या गोष्टीच्या आड मी इतकी वर्षं बसून राहिलो.

या वर्षी सॅम्युअलने कांबळेच्या मुलीला बोलावलं. सुजाता इंदूरलाच एका कॉलेजात शिकवते. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. साक्ष संपल्यावर आम्ही तिघं बाहेर चहा घेत होतो.

"अंकल, बुरा मत मानना," ती सॅम्युअलला म्हणाली. "म्हणजे तुमच्या देवाने माझ्या बाबांना सोडून दिलं, असंच ना?"

"बेटा, कृपेवर हक्क कोणाचाच नसतो. ना माझा होता, ना त्यांचा. देव अन्यायी नाही."

"बढ़िया है. अन्याय पण नाही, आणि माणूस पण गेला."

मी म्हणालो, "सुजाता, हक्क होता. हेलिकॉप्टरमधली जागा कृपेची नव्हती. नियमाने ती तुझ्या बाबांची होती." यादवचे शब्द सांगितले. ओठ सांगितले. "नियमात सॅम्युअलला जागा नव्हती. चिठ्ठीत अर्धी होती. मला ती अर्धी हवी होती, म्हणून मी देवाला मध्ये घातलं."

सॅम्युअलने कप खाली ठेवला. "भाऊ, तुम्हाला माहीत होतं? आणि मी दर वर्षी उभा राहून सांगतो, ते तुम्ही पहिल्या बाकावर बसून ऐकत होता?"

"हो."

"मग मला निवडलं कोणी?"

"तुझ्या आत्म्याचं देव जाणे. तिथे मी बोलत नाही. पण जागेसाठी मी निवडलं, आणि चुकीचं निवडलं. तेवढं त्याच्या नावावर लावू नकोस."

तो उठून आत गेला. सुजाताने विचारलं, "टोपी पाहून बाबा काही बोलले?"

हे मी कांबळेच्या मृत्यूनंतरच्या फौजी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सुजाताला सांगितलं.

कांबळे भिंतीला टेकून बसला होता. दम खात खात, पण हसत म्हणाला, "साब, माझा देवावर विश्वास नाही. तुमच्यावर आहे. तुम्हीच सांगा कोण जाणार. जे म्हणाल ते चालेल मला."

मी त्याच्याकडे न बघता टोपीत हात घातला.