यारीखालचा कोहळा

यशवंतपूरच्या मटण कारखान्यात खंडोजीसारखी सुरी चालवणारा दुसरा नव्हता. बापजाद्यांचा धंदाच खाटकाचा. घरात मराठी, बाजारात कन्नड. छप्पन्न साली कारखान्यात विजेची यारी आली. कळ दाबली की सोललेली मेंढरं टांगलेला अख्खा दांडा साखळीनं वर चढायचा. दोन वर्षांत तिचा ब्रेक घसरू लागला. खंडोजीनं सुपरवायझर नरसिंहरावांना तीनदा सांगितलं.

"स्वल्प सांभाळून घे रे," एवढंच उत्तर.

मग एके दिवशी दांडा खाली आला आणि खंडोजीच्या उजव्या पंजाचा चुरा झाला. रावांनी अपघाताच्या कागदावर लिहिलं: यारी धड होती, माणूस प्यालेला होता. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! खंडोजी भांडायला गेला नाही. दात खात खंडेनवमीची वाट बघत बसला.

त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा. रिवाज असा, की यारीवर भार चढवायचा आणि जाणत्या कामगारानं त्याखाली उभं राहून कोहळा फोडायचा. हा मान खंडोजीचाच. मालक आले, कामगारांच्या बायका जमल्या. मिठाची तीन पोती वर चढली. खंडोजीनं डाव्या हातानं कोहळा रावांपुढं धरला.

"राव, माझा हात गेला. यंदा मान तुमचा."

"मला कुठं सवय आहे?"

"कोहळा फोडायला सवय कसली? यारी धड आहे, तुम्हीच लिहून दिलंय. उभे राहा खाली."

रावांचा पाय हलेना.

"उरका हो, लोक ताटकळलेत," मालक म्हणाले.

"राव प्यालेत का बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"ब्रेक सुटतो तिचा!" राव किंचाळले. "मला मारायला निघालाय हा!"

हसणं जागीच थांबलं. मालकांनी तिथल्या तिथं रावांकडून नवा कागद लिहून घेतला: यारी बिघडलेली होती, माणूस शुद्धीत होता.

"मोठ्यानं वाचा," खंडोजी म्हणाला. "आधी कन्नडमध्ये." रावांनी वाचलं. "आता मराठीत. माझी बायको उभी आहे."

वाचून होताच राव खंडोजीकडं वळले. "खंडोजी, पोटावर पाय देऊ नकोस रे."

"माझा हात देता परत?" तो मालकांकडं वळला. "हे राहिले, तर उद्या एकही सुरी हलणार नाही."

एकाही कामगारानं मान खाली घातली नाही. राव संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर गेले.

"झालं समाधान?" खंडोजीच्या बायकोनं, अंबूबाईनं त्याला विचारलं.

"नाही."

साठ साली राजाजीनगरात राव समोरून आले, हात जोडले. खंडोजी वाटेतून तसूभर हलला नाही. राव गटाराच्या कडेनं गेले.