कानशीनं घासलेली रॅम

माझा हात उठायला कारण लागत न्हाई, हे आख्ख्या धारूरला ठाऊक. गेट-ग्रिलचं वर्कशॉप हाय माझं. दिवसभर घण मारणाऱ्याचा हात घरी गेल्यावर मऊ कसा होणार, असं मीच वर तोंड करून सांगायचो. त्या हाताचा सगळ्यात जास्त मार धाकट्या भावानं खाल्ला.

त्याचा लोखंडात जीवच नव्हता. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत एक जुनापुराणा कॉम्प्युटर मांडून तो लग्नांचे व्हिडिओ जोडायचा. पहिलं मोठं काम मिळालं आन कॉम्प्युटर घडीघडी अडकाय लागला. रॅम वाढवली तर चालंल, म्हणाला. मी अट घातली, "रविवारपतूर व्हिडिओ दिलास, तर तुझा तू मोकळा. न्हाईतर सोमवारपासून माझ्या हाताखाली घण उचलायचा."

बीडला मीच निघालतो. कुठल्या जातीची रॅम आणायची, त्याची त्यानं चिठ्ठी दिली, 'डीडीआर थ्री'. मी ती चोळामोळा करून कोपऱ्यात भिरकावली. "चिठ्ठी कशाला बे? नमुना हाय की!" आमच्या धंद्यात असंच असतंय. बेरिंग असू द्या न्हाईतर पट्टा, जुना खिशात घालायचा आन त्याच्या मापाचा नवा आणायचा. मी जुन्या रॅमची पट्टी उपसली आन खिशात घातली.

दुकानदार म्हणाला, "ही थ्री आहे. परवा मिळेल. आत्ता फोर आहे, पण ती बसणार नाही." मी दोन्ही पट्ट्या एकमेकीला लावल्या. लांबी तंतोतंत! "मला येडं समजतो का? दे इकडं. बसवायचं माझ्याकडं लागलं."

माघारी वर्कशॉपात आलो तर पट्टीची खाच स्लॉटच्या उंचवट्यावर येईना. भाऊ कळवळून म्हणाला, "दादा, ही फोर हाय. बसायची न्हाई रे."

"कावून बसत न्हाई?" म्हणत मी कानस उचलली आन पट्टीला नवी खाच पाडाय लागलो. लोखंडाला करतो तसंच. त्यानं माझं मनगट धरलं. मनगट धरलं! मी उलट्या हाताची अशी ठेवून दिली की त्याचा ओठ दातावर फाटला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबून पट्टी घुसवली. आत काहीतरी कडकन मोडलं. बटण दाबलं तसा जळका वास सुटला.

माझीच चूक होती, हे मला त्याच घडीला कळलं. म्हणूनच डोकं आणखी फिरलं. हातोडा घेतला आन कॉम्प्युटरच्या डब्याला दोन घाव घातले. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर पडत होतं.

सोमवारी त्यानं मुकाट्यानं घण उचलला.

आठ-दहा दिवसांनी झाडताना ती चिठ्ठी सापडली. मला लई लाज वाटली. चिठ्ठी सरळ करून बीडला गेलो, तसलाच जुना कॉम्प्युटर आणला, डीडीआर थ्रीची पट्टी आणली. तो भट्टीपाशी उभा होता. मी मागून गेलो आन पट्टी द्यायला हात पुढं केला.

त्यानं डोळे गच्च मिटून कोपर तोंडावर घेतलं. माझ्या हातात काय हाय, ते त्यानं बघितलंच न्हाई.