लाइन बंद आहे

ऋता काय काम करते हे तिच्या वडिलांना बरीच वर्षं नीट उमगलं नव्हतं. गोपाळकृष्ण बिजली खात्यातून निवृत्त झालेले. मुलगी बालाघाटच्या घरात बसून जबलपूरच्या एका कंपनीसाठी हातात मावणाऱ्या यंत्रांची सॉफ्टवेअरं लिहिते, एवढंच ते लोकांना सांगत. पण लाइनमनच्या यंत्राचं काम तिच्याकडे आलं तेव्हा मात्र ते रोज जेवताना प्रश्न विचारायला लागले, कारण खांबावर चढणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

लाइनमनला चढायचं असलं की आधी सबस्टेशनमधून त्या लाइनीचा पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. इतकी वर्षं हे फोनवर चालत आलेलं. कंपनीने ठेका घेतला तो फोनाफोनी संपवण्याचा. प्रत्येक लाइनमनच्या हातात जाड रबरी कवचाचं यंत्र द्यायचं. सबस्टेशनवाल्याने लाइन बंद केली की बिनतारी निरोप येऊन पडदा हिरवा होणार आणि त्यावर अक्षरं उमटणार, ‘लाइन बंद आहे’. लाइन चालू झाली की पडदा लाल.

लामता गावाच्या पुढे जंगल लागलं की नेटवर्कचा भरवसा नाही, हे ऋताला ठाऊक होतं. म्हणून तिने सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की केली. सबस्टेशनचा ताजा निरोप येत राहिला तरच पडदा हिरवा राहील. निरोप तुटला की काळा होईल आणि लिहील, ‘माहीत नाही, चढू नका’.

चाचणीसाठी ती हिरालाल नावाच्या ठेक्यावरच्या लाइनमनबरोबर लामत्याकडे हिंडली होती. हातमोजे घालून बटणं दाबता येत नाहीत म्हणून त्याने ती मोठी करून घेतली. काळा पडदा त्याला आवडला. खोटं बोलण्यापेक्षा माहीत नाही म्हणते, ते बरं, असं तो म्हणाला होता.

बिजली खात्याच्या साहेबलोकांना यंत्र दाखवायच्या दिवशी पडदा पुन्हा पुन्हा काळा झाला. कंपनीतर्फे हे काम संकेत बघत होता, ऋताच्याच कॉलेजातला, तिच्या पुढच्या वर्गातला. साहेबांना मशीन खराब वाटतं, निरोप तुटला तरी शेवटची स्थितीच दिसत राहू दे, असं त्याने तिला सांगितलं. तिने साफ नकार दिला आणि माणूस मरेल असं तोंडावर सुनावलं. संकेत हसला, बरं म्हणाला आणि विषय सोडला. म्हणजे तिला वाटलं, सोडला.

उन्हाळ्यात एका दुपारी हिरालाल लामत्याजवळच्या खांबावरून जेवायला खाली उतरला. काम संपलं असं समजून सबस्टेशनने लाइन चालू केली. पूर्वी असतं तर पुन्हा चढण्याआधी त्याने फोन केला असता, पण आता फोन करायची मनाई होती. यंत्रात बघा, असा हुकूम होता. त्याने बघितलं आणि चढला.

नागपूरच्या इस्पितळात त्याचा डावा हात कोपरापासून काढावा लागला. ऋता पोचली तेव्हा त्याची बायको कमला वॉर्डाबाहेर बसली होती. कंपनीचा माणूस येऊन गेल्याचं तिने सांगितलं. “थो म्हणते, हे पिऊन चढले. ताई, असं काहून म्हणते थो?”

हिरालाल डोळे मिटून पडला होता. ऋताचा आवाज ऐकून म्हणाला, “पडदा हिरवा होता. मी दोनदा पाह्यला. हात गेला तं गेला. पण मी पीत नाही, हे त्याईले सांगा.”

घरी परतल्यावर ऋताने आपल्याकडच्या यंत्रावर कंपनीने पाठवलेली नवी आवृत्ती चढवली, पडदा हिरवा करून घेतला आणि सिम काढलं. पडदा हिरवाच राहिला. ती करत नाही म्हणून संकेतने तो बदल जबलपुरात दुसऱ्याकडून करून घेतला होता आणि तिला कळवलंही नव्हतं. गोपाळकृष्ण तिला चहा द्यायला आले आणि तिचा चेहरा बघून कप ठेवून परत गेले.

चौकशीची बैठक सबस्टेशनच्याच कचेरीत होती. ऋताला बोलावणं नव्हतं. ती गेली, कुणाला न विचारता टेबलापाशी उभी राहिली. संकेत लाइनमनच्या बेपर्वाईबद्दल सांगत होता. तिने चौकशी अधिकाऱ्यांकडे पाच मिनिटं मागितली, मागच्या अंगणातली लाइन बंद करायला लावली आणि सगळ्यांना हिरवा पडदा दाखवला. मग सिम काढलं आणि लाइन चालू करायला सांगितली. पडदा तसाच. यंत्र तिने संकेतच्या हातात दिलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या खांबाकडे बोट केलं.

“हिरवा आहे. चढ.”

“ऋता, बस झालं.”

“का? तू तर प्यायलेला नाहीस ना? साहेबांना मशीन खराब वाटू नये म्हणून ठेवलायस ना हिरवा? मग चढ.”

संकेतने यंत्र टेबलावर ठेवलं. तिने ते उचलून पुन्हा त्याच्या हातात कोंबलं. शेवटी अधिकाऱ्यांनीच त्याला बाहेर जायला सांगितलं.

जिल्ह्यातली यंत्रं परत गेली, फोन परत आले. अहवालात ‘तांत्रिक त्रुटी’ लिहिलं गेलं, माणसाचं नाव कुठेच नाही. पिण्याचा उल्लेख मात्र ऋताने खोडून घेतला. त्यासाठी ती कचेरीत इतक्या वेळा गेली की शिपाई तिला बघून आत वर्दी न देताच दार उघडायचा. नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली होती. हिरालाल आता घरी असतो. एका हाताने सायकल चालवायला शिकला, पण काम कुणी देत नाही.

संकेतला बढती मिळाली. या पावसाळ्यात ऋताला दिसलं, की तेच सॉफ्टवेअर नवं नाव आणि नवा रंग लावून दुसऱ्या राज्यातल्या एका जिल्ह्यात विकलं गेलंय. वडील म्हणाले, आपल्या हातात काय आहे. तिने त्या जिल्ह्यातल्या लाइनमन संघटनेचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडच्या माणसाने हिंदीत विचारलं, तुम्ही कंपनीच्या आहात का.

“थी,” ती म्हणाली, “अब सुनिए. नई मशीन मिली है न? उसका सिम निकालकर देखिए.”